बाथरूमच्या उंबऱ्यातला भोवरा

फरशीवाला आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा एका पायावर उभा होता, आणि सगळी बोलणी संपून लग्न ठरेपर्यंत तसाच उभा राहिला. निदान त्याच्या सासरी असं सांगतात. त्याची बायको म्हणते, तो हुबेहूब बगळ्यासारखा दिसत होता. सासूबाई म्हणतात, त्याने पाणी, चहा आणि बिस्किटं असं सगळं त्याच एका पायावर घेतलं आणि बशीत थेंब सांडू दिला नाही. मुलगी द्यायला माणसात याहून जास्त काय बघायचं असतं? लग्नानंतर दरवर्षी हा प्रसंग थोडा वाढत गेला. हल्ली त्यात तो एका पायावर जिनासुद्धा चढतो.

मूळ घटना एवढीच होती की तो इस्त्रीचा शर्ट घालून, मिठाईचा पुडा घेऊन दारात आला, तेव्हा बाहेरच्या खोलीत एक पांढऱ्या केसांचा माणूस जमिनीवर पालथा पडला होता. डोळ्याला भिंग, आणि भिंगासमोर उशीएवढा काळपट दगड.

"या," मान वर न करता तो माणूस म्हणाला. "फक्त उजवा पाय बघून टाका. खाली पस्तीस कोटी वर्षं आहेत."

फरशीवाल्याचा उजवा पाय हवेत राहिला. खाली पाहिलं तर दगडाचा नखाएवढा टवका पडला होता.

"अण्णा, उठा की," आतून मुलगी म्हणाली. "मी सांगितलं होतं ना, आज येणार आहेत म्हणून."

"मी कुठे नाही म्हणतोय? येऊ देत."

"ते आलेत. तुम्ही वाटेत आहात."

अण्णा वाटेत आहेत ही तक्रार त्या घरात इतकी जुनी होती की ती करताना कोणी आवाजही चढवत नसे. अण्णा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि निवृत्त होऊनही त्यांचं शिकवणं थांबलं नव्हतं. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं भोवरा सर. ते नाव सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, प्राचार्य भर सभेत चुकून तेच घ्यायचे, आणि अण्णांना त्याचा मनापासून अभिमान होता.

भोवऱ्याची हकिगत अण्णा कोणालाही सांगत. दूधवाला सुटला नव्हता, मीटर बघायला येणारा सुटला नव्हता, तर एका पायावर उभा असलेला उपवर मुलगा कुठून सुटणार?

"झाड वाढतं कसं?" अण्णा पालथेच पडून म्हणाले. "शेंड्याला कोवळी पालवी फुटते. तिथे एक रस तयार होतो. संप्रेरक. हार्मोन म्हणा. तो वरून खाली निघतो आणि जाता जाता खोडाला हुकूम सोडतो, की इथे पाण्याच्या नळ्या घाला. रस ज्या वाटेने जाईल त्या वाटेने नळ्या. सरळ गेला तर सरळ. कळलं?"

"हो, सर."

"आता मधे फांदी आली. वाट अडली. रस काय करेल?"

फरशीवाल्याने मदतीसाठी आतल्या दाराकडे पाहिलं. दारात मुलगी हातात ट्रे घेऊन डोळे मिटून उभी होती. तिने हे शाळेत जायच्या आधीपासून ऐकलं होतं.

"तुंबेल?" तो म्हणाला.

"गोल फिरेल. फांदीच्या वरच्या अंगाला, जिथे अडला तिथेच, गोल गोल गोल. आणि त्याच्या मागे धावणाऱ्या नळ्या? त्यासुद्धा गोल. आपलीच शेपटी तोंडात धरलेल्या. त्यातून पाणी कुठे जाणार? कुठेच नाही. काडीचा उपयोग नाही त्यांचा." अण्णांच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "पुढे झाड मेलं, पुरलं गेलं, त्याचा दगड झाला. रस केव्हाच नाहीसा झाला. पण नळ्या गोल त्या गोलच राहिल्या."

"म्हणजे कसं, सर," फरशीवाला म्हणाला, "चहा पिऊन झाला, कप उचलला, विसळून ठेवला. पण ओट्यावर कपाचा गोल डाग राहिला. तसंच ना?"

तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. एवढ्या वर्षांत एवढं सुटसुटीत उदाहरण त्यांनाही सुचलं नव्हतं.

"तुम्ही करता काय?"

"ओट्याचे दगड कापतो, सर. ओटे, उंबरे, खिडकीच्या पट्ट्या. माझं दुकान आहे. मशीन स्वतःचं आहे."

अण्णा उठून बसले. सासूबाई सांगतात, पाहुण्यांसाठी ते उठून बसल्याचं त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

"दगड कापता?" अण्णा हळूच म्हणाले. "किती पातळ?"

लग्न तिथेच ठरलं. मुलाला आईवडील आहेत का, घर स्वतःचं आहे का, यातलं काहीही विचारायची वेळ आली नाही. मुलगी मात्र दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिचं म्हणणं असं की चर्चा पूर्ण झाली तरी त्यात तिचा विषय निघालाच नव्हता.

तो दगड अण्णांना विद्यार्थी असताना सहलीत मिळाला होता. एका खाणीच्या बाहेर टाकून दिलेल्या ढिगात तो पडला होता, आणि परतीच्या वाटेवर अण्णांनी तो मांडीवर घेऊन बसमधून आणला. त्या दगडाला एका बाजूला टेंगूळ होतं. म्हणजे फांदी फुटली होती ती जागा, गाठ. एकच फांदी, एकच गाठ. गाठीच्या जरा वर, सालीला समांतर असा काप घेतला तर भोवरा दिसायला हवा होता. असे भोवरे इतर दगडी लाकडांत लोकांनी पाहिले होते. अण्णांच्या दगडात आहे का, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण अण्णा तो कोणाला कापू देत नव्हते. विद्यापीठातल्या मोठ्या मॅडम, ज्या अण्णांच्याच विद्यार्थिनी होत्या, अनेकदा म्हणाल्या, "सर, द्या की आमच्याकडे, कापून बघू." अण्णा म्हणायचे, "एकच गाठ आहे. चुकलात तर?" आणि दगड पुन्हा पलंगाखाली सरकवायचे. सगळी नोकरी त्यांनी भोवऱ्यावर काढली, पण स्वतःचा भोवरा पाहिला नव्हता. पोहायच्या गोष्टी सांगणारा माणूस कधी पाण्यात उतरलेलाच नसावा, तसं काहीसं झालं होतं, आणि वय वाढेल तसं ते त्यांना टोचू लागलं होतं.

आता घरातच दगड कापणारा आला.

लग्न झाल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी अण्णा दगड घेऊन जावयाच्या दुकानात हजर झाले. दगड मुलीच्या बाळपणीच्या दुपट्यात गुंडाळला होता.

"अहो, ते दुपटं मी कशासाठी जपून ठेवलं होतं," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"याच्यासाठीच," अण्णा म्हणाले होते.

दुकानात त्यांनी दुपटं उलगडलं, खिशातून खडू काढला आणि दगडावर रेघ मारली. मग रेघेवर बोट ठेवून व्याख्यान दिलं. व्याख्यान उत्तम झालं. पॉलिशवाला कारागीर काम थांबवून ऐकत राहिला. फरशीवाल्याने सगळ्याला मान डोलावली. आणि मग अण्णांना धूळ सोसेना म्हणून त्याने त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं.

यानंतर जे झालं त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. अण्णा जन्मभर फळ्यावर लिहीत आलेले, त्यामुळे खडूची रेघ म्हणजे त्यांच्यासाठी शेवटचा शब्द. आणि दगड कापायच्या मशीनवर पाणी सोडावं लागतं, चकती तापू नये म्हणून. फरशीवाल्याने पाणी सोडलं आणि चकती फिरायच्या आत रेघ वाहून गेली. दगड नुसता काळा, ओला, आणि एका बाजूला गाठ.

आता हा माणूस मिसरूड फुटल्यापासून दगड कापत होता. गिऱ्हाइकाच्या दगडावर गाठ, डाग, रेष, जे काही असेल ते बाजूला काढायचं आणि उरलेला स्वच्छ दगड द्यायचा, हे त्याच्या हातांना इतकं पाठ होतं की त्यात डोकं लागतच नसे. शिवाय सासरे काय म्हणाले ते त्याने आपल्या परीने लक्षात ठेवलं होतंच: गोल डाग. हातांनी गाठ बघितली, डाग हा शब्द आठवला, आणि काम सुरू केलं. गाठीपासून चांगलं अंतर राखून त्याने दगडाचे दोन भाग केले. गाठवाला भाग मागे तुकड्यांच्या ढिगात टाकला. गाठ नसलेला भाग घासला, पॉलिश केला, पुन्हा पॉलिश केला, मऊ फडक्याने पुसला आणि दुपट्यात गुंडाळून संध्याकाळी सासरी घेऊन गेला.

अण्णांनी दोन्ही हातांनी तो घेतला. भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"यात मला माझा डोळा दिसतोय," ते म्हणाले.

"आरसा केलाय, अण्णा. असं पॉलिश मी देवळाच्या कामालासुद्धा दिलेलं नाही."

"गाठ कुठे आहे?"

"काढली," फरशीवाला म्हणाला. "पूर्ण काढली. एक डाग ठेवला नाही."

अण्णांनी भिंग दुपट्यावर ठेवलं. सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. त्यांनी त्या दगडाला जन्मभर नावं ठेवली होती, केर काढताना त्याला लाथ मारली होती, पण आता नवऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. मुलीने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, आता दोन्ही पाय उचलून उभं राहावं.

"काढलेला तुकडा कुठे आहे?" तिने विचारलं.

"ढिगात."

"मग चल."

सगळे रिक्षाने दुकानात आले. ढीग उपसला. ग्रॅनाइटचे तुकडे निघाले, संगमरवराचे निघाले, कोणाच्या तरी नावाची अर्धवट पाटी निघाली. गाठ निघाली नाही.

"टेंगूळवाला काळा दगड?" पॉलिशवाला म्हणाला. "तो गवंड्याने नेला ना. त्याला बाथरूमच्या उंबऱ्याला तुकडा पाहिजे होता."

"कोणाच्या बाथरूमच्या?" अण्णांनी विचारलं.

बाथरूम एका वकीलबाईंचं होतं.

वकीलबाईंच्या घरी गवंडी हात धूत होता. दगडाबद्दल विचारल्यावर त्याला आनंद झाला, कारण उंबऱ्याची चौकशी करायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"मस्त बसलाय, शेठ. टेंगूळ होतं एक, पण मी म्हटलं कोणी अडखळून पडायला नको. घासून सपाट केलं. वर पॉलिशचा हात मारला."

फरशीवाला परत जायला वळला. अण्णा मात्र एकदम ताठ झाले.

"किती घासलं?"

"सपाट होईपर्यंत."

"सालीला समांतर?"

"साल कुठली, सर? दगड होता तो."

तेवढ्यात अण्णा बूट काढून आत गेले होते. बाथरूमच्या दाराशी जाऊन ते, परक्याच्या घरी आलोय याचं कसलंही भान न ठेवता, पालथे पडले. घरात माणसं बरीच होती आणि संध्याकाळच्या आंघोळीची वेळ होती. टॉवेल खांद्यावर टाकून वकीलबाईंचे सासरे, दीर आणि जाऊ अशी रांग उभी होती. अण्णा रांगेच्या तोंडाशी, उंबऱ्यावर नाक टेकवून.

"हे कोण आहेत?" वकीलबाईंच्या सासऱ्यांनी विचारलं.

"माझे वडील," मुलगी म्हणाली.

"बरं वाटत नाहीये का त्यांना?"

"नाही, ते असेच असतात."

अण्णांनी कोणाकडे न बघता हात मागे केला आणि बोटांनी जावयाला खूण केली. फरशीवाला गुडघ्यांवर आला, मग पोटावर आला. भिंग त्याच्या हातात आलं.

आधी त्याला काही कळलं नाही. मग दिसलं. केसांहून बारीक नळ्या, शेकडो, वरून खाली, तेल लावून विंचरल्यासारख्या सरळ. खाली एक गोल काळा ठिपका, फांदीचा. आणि ठिपक्याच्या डोक्यावर त्या सगळ्या सरळ नळ्यांची तारांबळ उडाली होती. काही डावीकडे वळल्या होत्या, काही उजवीकडे, आणि मधोमध काही फिरल्या होत्या, गोल, आतल्या आत, तान्ह्या मुलाच्या टाळूवर केस फिरतात तशा. त्याने आयुष्यात इतके दगड कापले होते, की शहरातली निम्मी जेवणं त्याच्या ओट्यांवर होत होती. पण दगडात कोणी गोंधळून गेलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"दिसलं?" अण्णांनी विचारलं.

"दिसलं, अण्णा."

"गोल आहे ना?"

"गोल आहे."

अण्णा तिथेच, ओल्या फरशीवर गाल टेकवून पडून राहिले. त्यांना रडू येत होतं की नाही हे सांगता येत नाही, कारण वरचा नळ गळत होता.

आता एवढं झाल्यावर दगड उचलून घरी न्यायचा, एवढंच काम उरलं होतं. पण घर वकीलबाईंचं होतं.

"उंबरा नेता येणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बसवलेली वस्तू घराचा भाग असते. शिवाय तो काढायचा तर दोन्ही बाजूच्या फरश्या फुटतील. आजच काम संपलंय."

"मी नव्या फरश्या लावून देतो," फरशीवाला म्हणाला. "फुकट. माझ्या हाताने."

"तुमच्याच हाताने हा दगड इथे आला ना?"

फरशीवाल्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"पण बाथरूम पुन्हा करू तेव्हा देईन," वकीलबाई म्हणाल्या. "शब्द देते. बघायला केव्हाही या. फक्त आंघोळीच्या वेळा सोडून."

पुढच्या आठवड्यात मोठ्या मॅडम आल्या. त्याही पालथ्या पडल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"सर, हा अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. "याच्यावर लेख झालाच पाहिजे. फक्त नमुना आमच्या संग्रहात जमा हवा. जमा नसलेल्या नमुन्यावर कोणी छापत नाही. उद्या दुसऱ्या कोणाला तपासून बघायचं असेल तर?"

"त्याने इथे यावं," अण्णा म्हणाले. "आंघोळीच्या वेळा सोडून."

मॅडमनी मनापासून प्रयत्न केले, हे मान्य करायला हवं. दगड आहे तिथेच ठेवून त्याला संग्रहाचा क्रमांक देता येईल का, अशी त्यांनी वर विचारणा केली. वरून उत्तर आलं की चालेल, पण मग ती जागा संग्रहाची शाखा ठरेल आणि तिला उघडण्याच्या-बंद होण्याच्या ठरावीक वेळा असाव्या लागतील. वकीलबाईंच्या जावेने विचारलं, बंद असताना माणसांनी जायचं कुठे? तो कागद मग वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि मधल्या कुठल्या तरी टेबलाभोवती फिरत राहिला. अण्णांना याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "फांदी आली असेल मधे," ते म्हणाले.

अण्णा दर रविवारी दुपारी वकीलबाईंकडे जाऊ लागले. जावई सोबत असे. घरातून निघताना सासूबाई म्हणायच्या, "टॉवेल घेतलात का? परक्याच्या घरी ओले होऊन बसता." वकीलबाईंच्या सासऱ्यांनी तिथे एक जुनी चटई टाकली, मग चटईवर उशी आली, मग अण्णांच्या शेजारी ते स्वतःच पालथे पडू लागले. त्यांना भोवऱ्यात रस नव्हता, पण पाठ दुखत होती आणि तसं पडल्यावर बरं वाटायचं. दोघे म्हातारे उंबऱ्यावर हनुवट्या टेकवून गप्पा मारत, आणि बाथरूमला जाणारा त्यांच्यावरून पाय टाकून जात असे.

फरशीवाला शेजारी बसून राहायचा. आपल्याला माफी मागायची आहे हे त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. एका रविवारी त्याने ते बोलून टाकलं.

"अण्णा, मी तो नीट कापला असता तर आज तुमच्या नावाने छापून आला असता."

अण्णांनी भिंग बाजूला केलं. "नीट म्हणजे माझ्या रेघेवर ना?"

"हो."

"मी नंतर मोजून बघितलं. माझी रेघ बोटभर वर होती. तिथे कापला असता तर सरळ नळ्या दिसल्या असत्या, नुसत्या सरळ. मी म्हटलं असतं, याच्यात नाही, आणि मेलो असतो." त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "गवंड्याला सांगू नका. आधीच फार हवेत आहे तो."

"मग वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. छापून आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी म्हणायचो ते आहे ना इथे? मग झालं. सरका जरा, उजेड अडतोय. तुम्ही वाटेत आहात."

अण्णांच्या घरातलं हे वाक्य स्वतःला ऐकायला मिळालं, तेव्हा फरशीवाल्याला वाटलं की आपलं लग्न आता खऱ्या अर्थाने लागलं.

पुढे मोठ्या मॅडम निवृत्त झाल्या आणि तो कागद पुन्हा कोणी हलवला नाही. अण्णा काही वर्षांनी गेले, झोपेत, आपल्याच पलंगावर. वकीलबाईंच्या सासऱ्यांनी चटई मग गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यानंतर नवऱ्याच्या बदलीपायी वकीलबाईंवर दुसऱ्या शहरात जायची वेळ आली, आणि त्यांनी घर विकलं. उंबऱ्याबद्दल दिलेला शब्द खरेदीखतात नव्हता. नव्या मालकाला बाथरूमची पातळी उंच करून हवी होती. त्याने उंबरा काढला नाही. त्याच्यावरूनच सिमेंट ओतलं आणि पांढऱ्या फरश्या लावल्या.